बंद पडलेले आणि रुंदीकरण होणारे प्रादेशिक रेल्वेमार्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि सोलापूर या भागांतील जुन्या छोट्या रेल्वेमार्गांच्या बातम्या दर वर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास येतात आणि मग वर्षभर त्यांचे नाव निघत नाही. या मार्गांवरून पूर्वी प्रवास केलेले, मार्गालगत शेती असलेले आणि नव्या गाडीची वाट पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जेथे गैरसमज जास्त आहेत, तेथे उत्तर लांबले आहे.

नॅरोगेज, मीटरगेज आणि ब्रॉडगेज यांत फरक काय?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतात ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, मीटरगेज १,००० मिलिमीटर आणि नॅरोगेज ७६२ किंवा ६१० मिलिमीटर असते. शकुंतला (विदर्भातील अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ), पाचोरा–जामनेर, नागपूर–नागभीड आणि जुनी बार्शी लाइट (मिरज–कुर्डुवाडी–लातूर) हे सर्व मार्ग ७६२ मिलिमीटरचे. नेरळ–माथेरान ६१० मिलिमीटरचा. अकोला–खंडवा मात्र मीटरगेजचा होता. बोलण्यात या सगळ्यांनाच 'छोटी लाइन' म्हणतात. गेज वेगळे असले की एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नाही, त्यामुळे माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो आणि प्रवाशाला गाडी बदलावी लागते.

हे मार्ग मुळात एवढे अरुंद का बांधले?

कारण ते स्वस्तात बांधायचे होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य मार्ग मुंबईहून निघून एकीकडे भुसावळ–नागपूर आणि दुसरीकडे सोलापूर–रायचूर असा गेला, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना बाजारपेठेची, कापसाची आणि यात्रेची मोठी गावे पन्नास-शंभर किलोमीटर आत राहून गेली. तेथपर्यंत ब्रॉडगेज नेण्याइतके उत्पन्न मिळणार नाही असा हिशेब होता, म्हणून खासगी कंपन्यांनी हलके रूळ टाकून फाटे काढले.

यातला सर्वांत विचारपूर्वक बांधलेला मार्ग बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला. त्याची कल्पना अशी होती, की गाडीच्या प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्व वाहने त्याच मापात बांधायची. म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. पुढे हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. एकीकडे लातूर-बार्शीचा शेतमाल आणि दुसरीकडे विठ्ठलाचे वारकरी असे या गाडीचे दोन हुकमी गिऱ्हाईक होते, आणि आषाढी-कार्तिकीला डब्यांच्या टपावरही माणसे बसलेली असत.

शकुंतला रेल्वे अजूनही इंग्रजांच्या मालकीची आहे, हे खरे आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर एका शब्दात दिले की ते चुकतेच.

अचलपूर–मूर्तिजापूर हा ७६ किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर–यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा, असे दोन फाटे मिळून शकुंतला होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर आणि तेथून मुंबई बंदरात नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने हे काम हाती घेतले, आणि मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या नावे राहिली. पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा छोटा मार्गही त्याच घराण्यातला. स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक खासगी रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या, पण हा मार्ग त्यातून सुटला. गाड्या भारतीय रेल्वेने चालवायच्या आणि कंपनीला कराराप्रमाणे मोबदला द्यायचा, अशी जुनी व्यवस्था तशीच पुढे चालू राहिली.

म्हणजे ती कागदोपत्री खासगी कंपनीच्या मालकीची होती, हे खरे. 'इंग्लंडची राणी दर वर्षी शकुंतलेचे भाडे घेते' हे मात्र चावडीवरचे बोलणे आहे. दर वर्षी इतके कोटी लंडनला जातात असे जे आकडे समाजमाध्यमांत फिरतात, त्यांवर विसंबू नये. प्रवाशाच्या दृष्टीने या मालकीचा खरा तोटा वेगळाच झाला. रूळ, पूल आणि स्थानके यांवर पैसा कोणी खर्च करायचा याचे उत्तर कधी स्पष्ट नव्हते. चालवणारी संस्था मालक नव्हती आणि मालकाला गुंतवणुकीत रस नव्हता. भाड्याच्या घराच्या गळक्या छपरासारखी ही गत होती.

मग ती बंद का पडली?

एका दिवसात कोणी निर्णय घेऊन बंद केली असे झाले नाही. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत चालले, मग डिझेल इंजिन आले, पण खालचे रूळ तेच राहिले. रुळांची अवस्था बिघडली की वेगमर्यादा घटवतात. वेग घटला की गाडीला वेळ लागतो, वेळ लागला की प्रवासी एस.टी.कडे किंवा काळी-पिवळीकडे वळतात, प्रवासी घटले की उत्पन्न नाही म्हणून दुरुस्ती होत नाही. ७६ किलोमीटरचे अचलपूर–मूर्तिजापूर अंतर कापायला सुमारे ४ तास लागत होते. आधी यवतमाळकडचा आणि नंतर अचलपूरकडचा फाटा असे दोन्ही गेल्या दशकात थांबले.

शेवटच्या वर्षांत ही गाडी कशी चालत होती ते पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. रस्ता आडवा आला की गाडी फाटकाच्या अलीकडे उभी राही. एक कर्मचारी खाली उतरून चालत पुढे जाई, फाटक लावी, हिरवी झेंडी दाखवी. गाडी रस्ता ओलांडून पुन्हा थांबे, तो फाटक उघडी आणि मागच्या डब्यात चढे. स्थानकांवर माणसेच उरली नव्हती, त्यामुळे तिकीट गार्ड देई. मोटारसायकलवरचे लोक इंजिन बंद करून हे सगळे निवांत पाहत. गाडीवर जीव असलेले प्रवासीही तेव्हा तिला कंटाळलेले असत, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण तिकीट एस.टी.च्या मानाने इतके कमी होते, की बाजाराला निघालेल्या बायका टोपल्यांसह चार तास बसून जात.

पाचोरा–जामनेर गाडीचे काय झाले?

खानदेशात 'पीजे' म्हणून ओळखली जाणारी ही ५६ किलोमीटरची गाडी वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर या गावांतून सुमारे १०० वर्षे धावली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशातील सर्व प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा तीही थांबली. इतर गाड्या परतल्या, ही परतली नाही. हा मार्ग ब्रॉडगेज करून जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत वाढवण्याचा सुमारे ८४ किलोमीटरचा प्रकल्प आहे.

बोदवडपर्यंतची ही वाढ किरकोळ समजू नये. जुना मार्ग जामनेरला संपत होता, म्हणजे तो नुसता फाटा होता. पाचोरा मुंबई–भुसावळ मार्गावर आहे आणि बोदवड भुसावळ–नागपूर मार्गावर. दोन्ही टोके मुख्य मार्गाला जोडली, की जळगाव–भुसावळच्या गर्दीला वळसा घालणारा एक पर्यायी रस्ता तयार होतो आणि त्यावरून मालगाड्याही जाऊ शकतात. केवळ शेंदुर्णी-पहूरच्या प्रवाशांच्या जोरावर जो प्रकल्प आतबट्ट्याचा ठरला असता, तो मालगाड्यांच्या जोरावर उभा राहू शकतो. प्रादेशिक मार्गांची मागणी करणाऱ्या मंडळींनी हा धडा लक्षात ठेवावा.

गेज परिवर्तन म्हणजे जुन्या रुळांशेजारी जरा लांब दुसरा रूळ टाकणे, एवढेच ना?

नाही. खर्चाचे आणि विलंबाचे मूळ याच गैरसमजात आहे.

नॅरोगेजची गाडी अवघ्या ४४ मीटर त्रिज्येच्या वळणावरूनही जाऊ शकते. ब्रॉडगेजला ते वळण किमान १७५ मीटर त्रिज्येचे लागते, आणि वेग हवा असेल तर त्याहून कितीतरी मोठे. म्हणून गावाच्या पाठीमागून, ओढ्याच्या काठाने, टेकडीला वळसा घालत गेलेला जुना मार्ग जसाच्या तसा वापरता येत नाही. वळण सरळ करायचे तर बाजूची शेतजमीन घ्यावी लागते. ५ टनांच्या आसभारासाठी बांधलेल्या पुलावरून सुमारे २३ टनांचा आसभार जाऊ शकत नाही, त्यामुळे पूल व मोऱ्या नव्याने बांधाव्या लागतात. भराव रुंद आणि उंच करायचा, काँक्रीटचे स्लीपर आणि जड रूळ टाकायचे, लांब गाड्यांसाठी फलाट वाढवायचे, सिग्नल बसवायचे आणि आता बहुतेक ठिकाणी लगोलग २५ किलोव्होल्टची वीजवाहिनीही ओढायची. शिवाय ब्रॉडगेजवरील विनापहारा फाटके रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत संपवली असल्यामुळे, जुन्या मार्गावरचे प्रत्येक गाडीवाट-शिवरस्त्याचे फाटक आता भुयारी मार्ग, उड्डाणपूल किंवा पहाऱ्याचे फाटक म्हणून नव्याने उभे करावे लागते. पावसाळ्यात भुयारी मार्गात कमरेइतके पाणी साचते ही तक्रार त्यानंतरची. तिच्यासाठी पाणी बाहेर काढण्याची सोय आराखड्यातच मागावी, नंतर कोणी ऐकत नाही.

थोडक्यात, जुन्या मार्गाचे नाव आणि काही जमीन तेवढी कायम राहते, बाकी नवा मार्गच बांधला जातो.

मग नव्या आखणीत गाव वगळले जाऊ शकते का? किंवा नवे गाव जोडले जाऊ शकते?

दोन्ही होऊ शकते. जुनी बार्शी लाइट येडशीवरून लातूरला जात असे. जिल्ह्याचे ठिकाण असूनही उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, तिच्या वाटेवर नव्हते. गेज परिवर्तनाच्या वेळी आखणी बदलून मार्ग धाराशिववरून नेण्यात आला आणि जिल्ह्याच्या गावाला प्रथमच रेल्वे मिळाली. त्यासाठी लोकांना बरीच वर्षे आंदोलन करावे लागले. आखणी बदलायची असेल तर ती अंतिम स्थाननिश्चिती सर्वेक्षणाच्या आधी किंवा ते चालू असतानाच बदलते. भराव पडल्यावर दिलेल्या निवेदनांना अर्थ उरत नाही.

मेळघाटातून जाणाऱ्या अकोला–खंडवा मार्गाचा वाद काय आहे?

अकोट ते मध्य प्रदेशातील आमला खुर्द यांदरम्यानचा जुना मीटरगेज मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून जात होता. धूळघाटजवळ गाडी चढ चढताना स्वतःच्याच मार्गाला वळसा घालून वर येत असे, ते पाहायला हौशी लोक मुद्दाम जात. दिवसाला मोजक्या गाड्या सावकाश जाणाऱ्या मीटरगेजमुळे जंगलाला जेवढा त्रास होता, त्यापेक्षा वेगवान ब्रॉडगेजमुळे तो फार वाढला असता, म्हणून वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनेही पर्यायी मार्गाचा आग्रह धरला. जंगलाबाहेरून जाणारा मार्ग लांब पडतो, पण त्यावर गावेही येतात. दरम्यान अकोला–अकोट हा टप्पा ब्रॉडगेज होऊन २०२२ मध्ये तेथे प्रवासी गाडी सुरू झाली. 'वाघ हवा की रेल्वे' अशी मांडणी करणाऱ्या दोन्ही बाजूंना अकोटच्या पुढच्या आदिवासी गावांची आठवण उशिरा झाली, असे माझे मत आहे.

प्रकल्प मंजूर झाल्याची बातमी दहा वर्षांपूर्वी वाचली होती. काम का दिसत नाही?

'मंजूर' या शब्दाचे रेल्वेत अनेक अर्थ होतात. सर्वेक्षणाला मंजुरी मिळाली तरी 'मार्ग मंजूर' अशी बातमी येते. त्यानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो, त्यात परताव्याचा दर काढला जातो, रेल्वे बोर्ड आणि मोठ्या रकमेसाठी पुढच्या पायऱ्या पार होतात, आणि मग प्रकल्प रेल्वेच्या 'पिंक बुक'मध्ये, म्हणजे अर्थसंकल्पासोबतच्या कामांच्या आणि तरतुदींच्या यादीत येतो. तेथे आला तरी समोर किती रक्कम आहे ते पाहावे. प्रकल्प यादीत जिवंत ठेवण्यासाठी केवळ १,००० रुपयांची नाममात्र तरतूद करण्याची रीत आहे. स्थानिक लोकप्रतिनिधी त्या वर्षीही पेढे वाटू शकतात, कारण नाव तर आहेच.

परताव्याच्या दराची अट बराच काळ १४ टक्के होती. वऱ्हाडातला किंवा मराठवाड्यातला निव्वळ प्रवासी मार्ग ती कधीच पूर्ण करू शकत नाही, म्हणून राज्य सरकारने निम्मा खर्च उचलण्याची पद्धत आली. अहिल्यानगर–बीड–परळी आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड या मार्गांत राज्याचा वाटा आहे. नागपूर–नागभीडचे काम राज्य आणि रेल्वे यांच्या संयुक्त कंपनीकडे, म्हणजे महारेलकडे आहे.

वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग होतो आहे, मग शकुंतलेची गरज काय उरली?

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब हा या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. सुमारे २८४ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाल्यावर यवतमाळ एका बाजूला नागपूरला आणि दुसऱ्या बाजूला मराठवाड्याला जोडले जाईल. यवतमाळ शहराचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटतो. पण नकाशा समोर ठेवून पाहिले, तर कारंजा, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर यांच्या जवळूनही हा मार्ग जात नाही. शकुंतलेची मागणी यवतमाळपेक्षा या मधल्या आणि उत्तरेकडच्या गावांची आहे, आणि तशीच ती मांडली पाहिजे. 'ऐतिहासिक शकुंतला वाचवा' या हाकेपेक्षा 'अचलपूर–मूर्तिजापूर ७६ किलोमीटर ब्रॉडगेज करा' ही मागणी अधिक नेमकी आहे.

गेज बदलून खरोखर फायदा झाला, असे एक तरी उदाहरण आहे का?

आहे, आणि ते बार्शी लाइटचेच आहे.

मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी–लातूर हा सगळा मार्ग साधारण एका दशकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. लातूर–धाराशिव २००७ मध्ये, कुर्डुवाडीपर्यंतचा उरलेला भाग २००८ मध्ये आणि मिरजेकडचा तुकडा त्यानंतर. लातूरहून थेट मुंबईची गाडी सुरू झाली आणि ती कायम भरलेली असते. पण या मार्गाची खरी परीक्षा एप्रिल २०१६ मध्ये झाली. मांजरा धरण कोरडे पडले होते, लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि टँकरने आणायला जवळपास पाणीच नव्हते. तेव्हा मिरजेला कृष्णेचे पाणी वाघिणींत भरून सुमारे ३४२ किलोमीटरवरच्या लातूरला पाठवण्यात आले. १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी पोहोचली तेव्हा तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका फेरीत २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

ही गाडी त्याच वाटेने आली, जेथे काही वर्षांपूर्वी ५ टनांच्या आसभाराचे रूळ होते. नॅरोगेज तसेच राहिले असते तर मिरजेचे पाणी लातूरला आणणे अशक्य होते. रुंदीकरणाच्या अहवालात परतावा मोजणाऱ्या कोणी 'दुष्काळात पाणी' असा रकाना भरला नसेल, आणि तो भरता येतही नाही. पण पुढच्या वेळी तुमच्या मार्गाचा परतावा कमी भरतो असे उत्तर आले, तर हे उदाहरण जरूर पुढे करावे.

अहिल्यानगर–बीड–परळी हा तर नवा मार्ग. तो या यादीत कसा?

प्रश्न वारंवार येतो म्हणून. २६१ किलोमीटरच्या या मार्गाला १९९५-९६ च्या सुमारास मंजुरी मिळाली, नवी आष्टीपर्यंत गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये आली, अंमळनेरपर्यंतचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये जोडला गेला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली गाडी पोहोचली. मंजुरी आणि गाडी यांत ३० वर्षे जाऊ शकतात, एवढे या मार्गावरून शिकता येते.

काम सुरू होण्याआधीच जुनी गाडी का बंद करतात?

जुन्या भरावावरच नवा मार्ग व्हायचा असेल, तर काही काळ गाडी थांबवणे टळत नाही. याला रेल्वेच्या भाषेत मेगाब्लॉक म्हणतात, तोच शब्द येथे वर्षांच्या मापाने वापरायचा. नागपूर–नागभीडची १०० किलोमीटरहून जास्त लांबीची नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबवण्यात आली, आणि उमरेड-भिवापूरचे रोजचे प्रवासी तेव्हापासून बसनेच नागपूरला जाऊ लागले.

आक्षेप घ्यायला हवा तो थांबवण्याच्या वेळेवर. जमीन ताब्यात नाही, निविदा निघाली नाही, पैसा मिळाला नाही, अशा स्थितीत गाडी थांबवली, की त्या मार्गाचे प्रवासी कायमचे पांगतात आणि पुढे 'मागणी नाही' असे म्हणायला जागा होते. निधी आणि जमीन हातात येईपर्यंत जुनी गाडी, कितीही हळू असली तरी, चालू ठेवण्याचा आग्रह धरावा.

मार्गासाठी जमीन गेली तर मोबदला कोणत्या कायद्याने मिळतो?

रेल्वे कायदा १९८९ मधील २००८ च्या दुरुस्तीने विशेष रेल्वे प्रकल्पांसाठी भूसंपादनाची तरतूद झाली, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याचे नियम १ जानेवारी २०१५ पासून रेल्वेच्या संपादनालाही लागू आहेत. त्यात दिलासा रक्कम मोबदल्याच्या १०० टक्के असते. अधिसूचना निघाल्यावर संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात स्वतः हजर राहावे. विहीर, पाइपलाइन, संत्र्याची किंवा आंब्याची झाडे, बांधावरची सागवानाची ओळ, गोठा हे सगळे मोजणी पत्रकात लिहिले गेले आहे ना, ते तेथेच वाचून मग सही करावी. नंतर हरकत घेता येते, पण पाडलेल्या झाडांची संख्या सिद्ध करणे अवघड जाते.

रूळ टाकून झाले, विजेचे खांबही उभे आहेत. गाडी का नाही?

नव्या किंवा बदललेल्या मार्गावर प्रवासी गाडी सोडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि वेगचाचणी होते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, म्हणजे रेल्वेला स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देता येत नाही. त्यांनी त्रुटी दाखवल्या तर त्या दूर होईपर्यंत प्रवासी गाडी येत नाही. मालगाडी किंवा खडीची गाडी जाताना दिसली म्हणून प्रवासी गाडी सुरू व्हायला हवी असे नसते. परवानगीनंतरचा विलंब मात्र बहुधा उद्घाटनाच्या तारखेचा असतो.

गाडी सुरू झाली, पण आमच्या गावाला थांबा नाही. आता काय?

खरे दुखणे येथे आहे. नॅरोगेजची गाडी दर पाच-सात किलोमीटरवर थांबत असे. ब्रॉडगेज झाल्यावर मार्गावर लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस येतात, त्या तालुक्याच्या गावालाही कधी थांबतात, कधी नाही; आणि लहान गावांसाठीची मेमू किंवा डेमू (विजेवर किंवा डिझेलवर चालणारी कमी पल्ल्याची) गाडी दिवसातून एक-दोनदा, तीही गैरसोयीच्या वेळी मिळते. रुंदीकरणाचा उत्सव करणाऱ्या गावाला वर्षभरात कळते, की आपल्या स्थानकावरून गाड्या पूर्वीपेक्षा जास्त जातात, पण आपल्यासाठी कमी थांबतात.

म्हणून मागणी करताना रूळ आणि वेळापत्रक या दोन्हींची एकत्र करावी. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला सकाळी साडेनऊ-दहाच्या आत पोहोचवणारी आणि संध्याकाळी साडेपाच-सहानंतर परत निघणारी एक जोडगाडी असेल, तर महाविद्यालयातली मुले, कचेरीतले लोक आणि दवाखान्यात जाणारे सगळेच ती वापरतात. दुपारी बाराला सुटणारी गाडी रिकामी धावते आणि मग तिचीच आकडेवारी तुमच्या विरोधात दाखवली जाते. लहान स्थानक हॉल्ट म्हणून चालवता येते. तेथे स्थानकप्रमुख नसतो आणि तिकीटविक्री कमिशनवर स्थानिक ठेकेदाराकडे असते, त्यामुळे खर्च फारच थोडा येतो. थांब्याचा प्रस्ताव विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीच्या सदस्यांमार्फत आणि थेट विभागीय व्यवस्थापकांकडे, अशा दोन्ही वाटांनी द्यावा. सोबत गावातून रोज किती जण कोणत्या वेळी बसने जातात याची साधी नोंद जोडली, तर ती शंभर सह्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

ब्रॉडगेज झाल्यावर तिकीट महागते का?

साध्या पॅसेंजर गाडीचे दर गेजवर ठरत नाहीत. लोकांच्या मनात जो गोंधळ आहे तो करोनाकाळातला. तेव्हा पॅसेंजर गाड्या 'विशेष' म्हणून चालवल्या गेल्या आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. म्हणजे पुढच्या स्थानकाला जायलाही ३० रुपये. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ते पुन्हा १० रुपयांवर आणण्यात आले. मधल्या काळात शेजारच्या गावाला रेल्वेने जाण्याची सवय मोडलेले बरेच जण परत आले नाहीत.

सगळेच मार्ग ब्रॉडगेज करायला हवेत का? एखादी छोटी गाडी जपता येणार नाही?

१९९२ पासून रेल्वेचे धोरण देशभर एकच गेज करण्याचे आहे, पण डोंगरी मार्ग त्यातून वगळले आहेत. नेरळ–माथेरान हे आपल्याकडचे उदाहरण. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेला आणि १९०७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत जागोजागी वाहून गेला. तेव्हा तो कायमचा बंद करणे सहज शक्य होते. त्याऐवजी दरडीच्या बाजूला जाळीबंद दगडी भिंती घालून आणि रूळ बदलून २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळपासूनची गाडी पुन्हा सुरू झाली, मधल्या काळात वरची अमन लॉज–माथेरान फेरी चालू ठेवून.

सपाटीवरच्या शकुंतलेला हा न्याय लावता येईल असे मला वाटत नाही. माथेरानला प्रवासी गाडीत बसण्याची मौज म्हणून जातो. दर्यापूरचा प्रवासी अकोल्याला वेळेवर पोहोचायचे म्हणून जातो. जुने इंजिन, एखादे स्थानक आणि चार-दोन डबे जपावेत, त्यासाठी नागपूरला मोतीबागेचे नॅरोगेज संग्रहालय आहेच. रोजच्या प्रवाशाला मात्र ताशी २० किलोमीटरच्या आठवणीत अडकवू नये.

बंद मार्गावरचे रूळ चोरीला जाताना किंवा स्थानकाच्या जागेवर अतिक्रमण होताना दिसले तर कोठे कळवावे?

रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर कळवता येते; तेथून तक्रार रेल्वे सुरक्षा दलाकडे जाते. गाडी बंद असली तरी रूळ, स्लीपर आणि फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) ही रेल्वेचीच मालमत्ता राहते आणि ती बाळगणे रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ नुसार गुन्हा आहे; भंगारवाल्याने ती विकत घेतली तर तोही त्यात सापडतो. कळवताना जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा सांगावा, कारण 'गावाच्या अलीकडच्या नाल्याजवळ' एवढ्या खुणेवर दुसऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्या पथकाला जागा सापडत नाही.